नकाशावरची अक्षरे

कोणत्याही जिल्हाधिकारी कार्यालयात शिरले की दोन गोष्टी हमखास आढळतात. एक म्हणजे आजवरच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या नावांचा फलक आणि दुसरी म्हणजे जिल्ह्याचा नकाशा. नावांचा फलक दर दोन-अडीच वर्षांनी अद्ययावत होतो. नकाशाला मात्र ते भाग्य सहसा लाभत नाही. तो ज्या वर्षी छापला गेला त्या वर्षीच थांबलेला असतो. पुढे तालुके वाढतात, रस्ते होतात, गावांची नावे बदलतात, आणि नकाशा भिंतीवर तसाच राहतो.

आज मला लिहायचे आहे ते विकीच्या पानावर असा नकाशा जिवंत कसा करावा याविषयी. नकाशातल्या एका भागावर टिचकी मारली की त्या भागाचे पान उघडावे, आणि नकाशावरची नावे चित्रात न छापता चित्राच्या वर वेगळी ठेवावीत, एवढाच हा विषय आहे. तो संगणक विभागाचा आहे असे वाचकांना वाटेल. माझ्या अनुभवाने तो प्रशासनाचा आहे, आणि तो अनुभव मी क्रमाने सांगतो.

माझी सेवा बहुतांशी महाराष्ट्राबाहेर झाली. २०११ साली उत्तर बिहारमधील एका जिल्ह्यात माझी अपर जिल्हाधिकारी म्हणून बदली झाली आणि आपत्ती व्यवस्थापनाचे काम माझ्याकडे आले. तिकडची रचना आपल्यापेक्षा थोडी वेगळी आहे. जिल्ह्याखाली अनुमंडल, त्याखाली प्रखंड, त्याखाली पंचायत, गाव आणि टोला. टोला म्हणजे आपली वाडी. प्रखंडाच्या पातळीवर महसूल आणि मदतकार्य पाहणारे अंचल अधिकारी हे साधारणपणे आपल्याकडच्या तहसीलदारांसारखे. पावसाळ्याचे चार महिने जिल्हा नियंत्रण कक्ष रात्रंदिवस चालू असतो. १०७७ या क्रमांकावर लोक दूरध्वनी करतात आणि सांगतात की अमुक टोल्यात पाणी शिरले, नाव पाठवा. तो टोला कोणत्या पंचायतीत, ती पंचायत कोणत्या प्रखंडात आणि तेथील अंचल अधिकारी कोण, हे समोर बसलेल्या कर्मचाऱ्याला तत्काळ कळले पाहिजे. सगळे त्यावर अवलंबून असते.

मी रुजू होण्याच्या आदल्या वर्षी तेथे एक प्रसंग घडला होता. दोन प्रखंडांच्या सीमेवरची एक पंचायत भिंतीवरच्या नकाशात चुकून शेजारच्या प्रखंडात दाखवलेली होती. कक्षातील कर्मचारी नवा होता. त्याने नकाशा पाहून शेजारच्या अंचल कार्यालयास निरोप दिला. त्या कार्यालयाने कळवले की ही पंचायत आमच्याकडे येत नाही. मग पुन्हा विचारणा झाली, पुन्हा निरोप गेला, आणि नाव पोहोचेपर्यंत संध्याकाळची रात्र झाली. तोवर तीस-पस्तीस माणसे तटबंधावर पावसात बसून होती. त्यांत लहान मुले होती आणि दिवस भरलेली एक स्त्रीही होती. जीवितहानी झाली नाही. पण ती झाली नाही यात यंत्रणेचे काही श्रेय नव्हते.

मी रुजू झाल्यावर पहिला प्रश्न विचारला तो हा की नकाशा दुरुस्त झाला का. झाला नव्हता. ज्या संस्थेने तो काढून दिला होता तिच्याकडे पत्र गेले होते. संस्थेने उत्तर दिले होते की नकाशा म्हणजे एकसंध चित्र आहे, नावे त्यातच मुद्रित आहेत, दुरुस्तीसाठी नवे चित्र करावे लागेल आणि त्याचा खर्च वेगळा पडेल. त्यासाठी दरपत्रके मागवणे, मंजुरी घेणे, कार्यादेश काढणे हे सर्व ओघाने आलेच. एका पंचायतीचे नाव चार बोटे डावीकडे सरकवण्यासाठी एवढी फाईल! आणि नावे सारी इंग्रजीत. कक्षात रात्रपाळीला बसणारे बहुतेक कर्मचारी हिंदीत काम करणारे, दूरध्वनी करणारी माणसे मैथिली बोलणारी.

त्या सुमारास कार्यालयाच्या अंतर्गत जाळ्यावर आमच्या तरुण डेटा एंट्री ऑपरेटरने एक विकी सुरू केली होती. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली पहिली विकी चालू केली तेव्हा तिच्यामागची कल्पना साधी होती. जो पान वाचतो त्याला ते तेथल्या तेथे सुधारताही यावे. विकिपीडिया ज्या मीडियाविकी या प्रणालीवर चालतो ती मोफत उपलब्ध आहे, आणि आमच्या विकीसाठी तीच घेतली होती. परिपत्रके, दूरध्वनी क्रमांक, नावाड्यांच्या याद्या अशी पाने त्यात होती. मी त्याला विचारले, "यात नकाशा टाकून त्यावर बोट ठेवले की प्रखंडाचे पान उघडेल असे करता येईल का?" तो म्हणाला, "सर, इमेजमॅप जोडावा लागेल. पण सीमा मला ठाऊक नाहीत. त्या कोण सांगणार?"

सीमा सांगणारा माणूस कार्यालयातच होता. निवृत्तीला आलेले एक अमीन, म्हणजे आपल्याकडचे भूकरमापक. साखळी घेऊन त्यांनी जिल्ह्याची अर्धी शिवारे तुडवली होती. पुढचे तीन आठवडे रोज दुपारनंतर ऑपरेटर संगणकावर आणि अमीन साहेब शेजारच्या खुर्चीवर, असे काम चालले. मी अधूनमधून जाऊन बसत असे. तेथे जे समजले ते असे.

चित्रावर टिचकी घेण्याची कल्पना जुनी आहे. प्रारंभी टिचकीचा बिंदू दूरच्या सर्व्हरकडे जाई आणि कोणते पान दाखवायचे ते सर्व्हर ठरवी. १९९६-९७ च्या सुमारास ही निवड वाचकाच्या स्वतःच्या संगणकावर होऊ लागली. मीडियाविकीमधला इमेजमॅप हा त्याच सोयीचा सोपा अवतार आहे. त्यात प्रथम चित्राचे नाव आणि रुंदी लिहायची, आणि मग एकेका ओळीत एकेक क्षेत्र. क्षेत्राचे आकार तीन असतात. आयत असेल तर समोरासमोरचे दोन कोपरे द्यायचे, वर्तुळ असेल तर मध्य आणि त्रिज्या, आणि वेडावाकडा बहुकोन असेल तर सीमेवरचे एकेक बिंदू क्रमाने. ओळीच्या शेवटी दुवा, म्हणजे ते क्षेत्र दाबल्यावर कोणते पान उघडायचे ते. प्रखंडाची सीमा आयताची कधीच नसते, म्हणून आमचे सारे काम बहुकोनाचे होते.

हे काम करताना चार गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. ज्यांना प्रयोग करायचा असेल त्यांच्यासाठी त्या नोंदवून ठेवतो.

१) शाळेतल्या आलेखात शून्य डावीकडे खाली असते. येथे ते डावीकडे वरच्या कोपऱ्यात असते, आणि दुसरा आकडा खाली जाताना वाढतो. चित्र पेंट किंवा जिंपसारख्या प्रणालीत उघडले की दर्शक जेथे असेल तेथील आकडे खालच्या पट्टीत दिसतात. ते टिपून घ्यायचे. प्रत्येक बिंदूला दोन आकडे लागतात. एखादा सुटला आणि एकूण संख्या विषम झाली तर विकी चूक दाखवते.

२) आकडे मूळ चित्रावरचे हवेत, पानावर दिसणाऱ्या लहान चित्रावरचे नव्हेत. मूळ चित्र २४०० पिक्सेल रुंद असून पानावर ते ८०० चे दिसत असेल, तर लहान चित्रावर ३००, २०० या ठिकाणी दिसणारा बिंदू ९००, ६०० असा लिहायचा. लहान करण्याचे गणित विकी स्वतः करते. मात्र उद्या त्याच नावाने वेगळ्या मापाचे चित्र चढवले तर सगळी क्षेत्रे सरकतात. म्हणून नवे चित्र जुन्याच मापाचे करावे.

३) दोन क्षेत्रे एकमेकांवर येत असतील तर जे आधी लिहिले असेल त्याला टिचकी मिळते. प्रखंडाच्या पोटात नगर परिषदेचा लहानसा भाग असतो. तो प्रखंडानंतर लिहिला तर त्याच्यापर्यंत टिचकी कधीच पोहोचत नाही. लहान क्षेत्र आधी, त्याला सामावून घेणारे मोठे क्षेत्र नंतर, असा क्रम ठेवावा लागतो. अधिकारक्षेत्राचे तंटे ज्यांनी सोडवले आहेत त्यांना हा नियम निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

४) कोणत्याच क्षेत्रात न पडणाऱ्या टिचकीसाठी एक सर्वसाधारण दुवा देता येतो. आम्ही तो नियंत्रण कक्षाच्या मुख्य पानाकडे दिला. आलेल्या माणसाला "येथे काही नाही" असे सांगून परत पाठवू नये, ही कार्यालयाची रीत संगणकालाही लावली एवढेच.

टिचकीचे काम झाले तरी नावांचा प्रश्न उरलाच होता. तेव्हा मला माझे वडील आठवले. ते तलाठी होते. टंचाईच्या वर्षी ते गावाच्या नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवीत आणि त्यावर पेन्सिलीने विहिरी, पाणवठे, टँकरची ठिकाणे काढीत. मूळ नकाशाला हात लावायचा नाही हा त्यांचा दंडक होता. वर्ष सरले की कागद बदलायचा, नकाशा तोच. विकीच्या पानावर नावांचे आच्छादन करायचे ते नेमके याच पद्धतीने. नकाशाचे चित्र नावांशिवाय कोरे ठेवायचे, आणि नावे म्हणजे साधा मजकूर त्यावर ठरावीक ठिकाणी ठेवायचा.

त्याची रचना अशी. एक चौकट करायची आणि तिला सापेक्ष स्थान द्यायचे. तिच्या आत प्रथम चित्र, आणि मग प्रत्येक नावाची छोटी चौकट, जिचे स्थान बाहेरच्या चौकटीपासून वरून किती आणि डावीकडून किती असे सांगितलेले असते. बाहेरच्या चौकटीला सापेक्ष स्थान द्यायचे राहिले तर नावे नकाशा सोडून पानाच्या माथ्यावर जाऊन बसतात. अंतर पिक्सेलमध्ये न देता टक्क्यांत द्यावे. म्हणजे चित्र लहानमोठे झाले तरी नाव आपली जागा सोडत नाही.

टक्के काढणे अवघड नाही. ज्या नकाशात अक्षांश-रेखांश सारख्या अंतराने आखलेले असतात त्यात ते त्रैराशिकानेच येतात. समजा भारताचा एक नकाशा उत्तरेस ३७.५ ते दक्षिणेस ५ अक्षांश आणि पश्चिमेस ६७ ते पूर्वेस ९९ रेखांश एवढा आहे. नागपूर सुमारे २१.१५ अक्षांश आणि ७९.०९ रेखांशावर आहे. वरून अंतर म्हणजे ३७.५ वजा २१.१५, अर्थात १६.३५, भागिले एकूण उंची ३२.५, उत्तर सुमारे ५०.३ टक्के. डावीकडून अंतर १२.०९ भागिले ३२, म्हणजे सुमारे ३७.८ टक्के. विकिपीडियावरचे स्थाननकाशाचे साचे हेच गणित आपोआप करतात.

देवनागरीसाठी एक काळजी वेगळी घ्यावी लागते. इंग्रजी अक्षरांसाठी बेतलेल्या ओळीची उंची आपल्या लिपीला अपुरी पडते. वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात आणि नाव भलतेच वाचले जाते. ओळीची उंची थोडी वाढवली की हा दोष जातो. शिवाय चित्र लहान झाले तरी अक्षरे आपोआप लहान होत नाहीत. म्हणून दाटीच्या भागात नावाऐवजी अंक ठेवून खाली यादी देणे बरे.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात नकाशा चालू झाला. सतरा प्रखंडांची नावे हिंदीत दिसू लागली. प्रखंडावर टिचकी मारली की त्याचे पान उघडे, आणि त्या पानावर पंचायती, टोले, अंचल अधिकाऱ्यांचा क्रमांक, नावा आणि नावाड्यांची यादी असे. सीमेवरची ती पंचायत आपल्या प्रखंडात परतली. ती दुरुस्ती अमीन साहेबांनी स्वतः केली. त्यासाठी दरपत्रक लागले नाही की कार्यादेश लागला नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे घडली. प्रखंड कार्यालयांतील लिपिकांना आम्ही पाने सुधारण्याची मुभा दिली. पहिल्याच महिन्यात त्यांनी पस्तीस-चाळीस टोल्यांची नावे दुरुस्त केली, कारण ती नावे त्यांना ठाऊक होती, आम्हाला नव्हती. काही सहकाऱ्यांना याची धास्ती वाटली. कोणीही काहीही बदलील, मग जबाबदार कोण? प्रश्न रास्त होता. पण विकीच्या प्रत्येक पानाला इतिहास असतो. कोणी, केव्हा, काय बदलले हे त्यात दिसते आणि जुनी आवृत्ती परत आणता येते. फाईलवरची टिपणी याहून वेगळे काय सांगते? सदस्यनावाशिवाय बदल करता येणार नाही, दूरध्वनी क्रमांक दर सोमवारी पडताळले जातील आणि मूळ नकाशाचे चित्र फक्त जिल्हा कार्यालय बदलील, एवढे तीन नियम आम्ही घातले. ते पुरेसे ठरले. त्या पावसाळ्यात निरोप चुकीच्या अंचल कार्यालयास गेल्याची एकही तक्रार माझ्याकडे आली नाही.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. आज बहुतेक लोक पाने मोबाईलवर पाहतात. अरुंद पडद्यावर चित्र आक्रसते, पण इमेजमॅपची क्षेत्रे त्याबरोबर आक्रसतीलच असे नाही. मग बोट एका तालुक्यावर पडते आणि पान दुसऱ्याचेच उघडते. नियंत्रण कक्षात हा दोष किती महाग पडेल हे वेगळे सांगायला नको. यावर उपाय दोन. एक म्हणजे चित्राची रुंदी कायम ठेवून ते आडवे सरकवता येईल अशा चौकटीत ठेवणे. दुसरा, आणि मला अधिक पसंत असलेला, म्हणजे टक्क्यांनी बसवलेल्या नावांनाच दुवे देणे. नाव आपल्या जागी राहते आणि दुवा नावाबरोबर राहतो. याशिवाय नकाशाखाली तेच सारे दुवे साध्या यादीत द्यावेतच. ज्यांना दिसत नाही ते पडदावाचकाच्या साहाय्याने पान ऐकतात. चित्रात छापलेले नाव त्यांना ऐकू येत नाही, मजकुरातले येते. सरकारी संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत असे सांगणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे २००९ सालीच निघाली, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ती अपेक्षा अधिक पक्की केली.

आपल्या देशात नकाशे फार लवकर जुने होतात. तेलंगण २०१४ साली स्थापन झाले तेव्हा तेथे १० जिल्हे होते. २०१६ साली ते ३१ झाले आणि २०१९ साली ३३. आंध्र प्रदेशात २०२२ साली १३ चे २६ झाले. महाराष्ट्रात २०१४ साली पालघर हा ३६ वा जिल्हा झाला. २०२३ साली औरंगाबाद आणि उस्मानाबाद यांची नावे छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव अशी झाली. यात प्रशासकीयदृष्ट्या दोन वेगळ्या घटना आहेत. विभाजनात रेषा बदलते, म्हणून चित्र आणि टिचकीचे क्षेत्र दोन्ही नव्याने करावी लागतात. नामांतरात केवळ अक्षरे बदलतात. अक्षरे चित्रात गाडलेली असतील तर नामांतरासाठीही सारे चित्र टाकून द्यावे लागते. ती वेगळी ठेवली असतील तर हे काम पाच मिनिटांचे आहे, आणि ते चित्रकाराने नव्हे, साध्या लिपिकानेही करावे असे आहे.

माझे अनेक वाचक महाराष्ट्राबाहेर राहतात. कोणी इंदूर-बडोद्याला, कोणी बंगळुरूला, कोणी परदेशात. गावाकडच्या कामात हातभार लावावा असे वाटते पण मार्ग सापडत नाही, असे ते अनेकदा लिहितात. त्यांच्यासाठी एक मार्ग सुचवतो. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्यातील पानांवर ज्या ज्या नकाशात नावे इंग्रजीतच छापलेली दिसतील, तेथे नावांशिवायचे कोरे चित्र शोधून त्यावर मराठी नावांचे आच्छादन करता येईल. आपला तालुका, त्यातली गावे, नद्या, घाट यांची नावे आपल्याला पाठ असतात. इंग्रजीवरून पुन्हा मराठीत आणताना ळ चा ल होतो, ण चा न होतो आणि गावाला स्वतःचेच नाव ओळखू येत नाही. ही चूक ज्याचे आजोळ तेथे आहे तोच दुरुस्त करू शकतो. सरावासाठी प्रत्येक सदस्याला धूळपाटी नावाचे पान मिळते. तेथे काहीही बिघडले तरी कोणाचे नुकसान होत नाही. प्रारंभ लहान चित्राने करावा. आपल्या शाळेचा किंवा वाड्याचा आराखडा घ्यावा, त्यावर चार नावे ठेवावीत, दोन दुवे द्यावेत. जमले की तालुका घ्यावा.

अमीन साहेब त्याच वर्षाच्या अखेरीस निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांनी सांगितले की चाळीस वर्षांत त्यांनी असंख्य नकाशे मोजले, पण त्यावर अक्षर लिहिण्याचा अधिकार त्यांना प्रथमच मिळाला. जिल्ह्याची माहिती असणारी माणसे प्रत्येक कार्यालयात असतात. ती लिहू शकतील अशी जागा करून देणे हे अधिकाऱ्याचे काम आहे. विकीच्या पानावर ती जागा अल्प खर्चात होते. अशी जागा आपल्या कार्यालयात कोणी केली असेल, किंवा करू इच्छित असेल, तर त्यांनी मला जरूर कळवावे.